ज्ञानकमळ संगणकावर काढताना: आठ ओळी, पाच ठिपके, एकच रेघ

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंजीच्या पत्रिकेवर आजीच्या रांगोळीच्या वहीतलं ज्ञानकमळ घ्यायचं आहे. वहीच्या पानाचा फोटो गिंप या रंगकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून त्यावर एक अर्धी पाकळी काढली, ती आरशासारखी उलटवून पूर्ण केली आणि मग ४५ अंशांनी आठ वेळा फिरवली. लांबून पाहिलं तर कमळ दिसतं. जवळून पाहिलं तर मधल्या भागात रेघा एकमेकींना भेटत नाहीत, काही ठिपके मोकळे राहतात, आणि आजी म्हणतात, "हे ज्ञानकमळ नव्हे."

आजींचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. गिंप वापरल्यामुळे हे बिघडलेलं नाही. तुमचा हातही चुकलेला नाही. बिघाड "आरशासारखी उलटवून" या एका पायरीत आहे. ज्ञानकमळाची पाकळी डावी-उजवीकडे सारखी नसते. पूर्ण आकृती फिरवली तर स्वतःशी तंतोतंत जुळते, पण आरशात धरली तर जुळत नाही, कारण तिच्यात एक हलका पीळ आहे. लांबून तो लक्षात येत नाही, म्हणून बहुतेक जण इथेच फसतात. संगणकावर काढलेली आणि सणासुदीला फिरणारी कितीतरी ज्ञानकमळं मला अशी आरशातली दिसतात. ती देखणी असतात, पण ठिपके जोडून कोणी ती जमिनीवर काढू शकणार नाही.

म्हणून सॉफ्टवेअर बाजूला ठेवून आधी कागद-पेन्सिल घ्या.

मधोमध एक खूण करा. तिच्यापासून आठ दिशांना आठ ओळी, प्रत्येक ओळीवर सारख्या अंतराने पाच ठिपके. आतून बाहेर त्यांना एक ते पाच असे क्रमांक द्या. एकूण ठिपके ४०. आता कोणत्याही ओळीच्या पहिल्या ठिपक्यापासून निघा आणि दर वेळी शेजारच्या ओळीवर जा, दिशा कधीही न बदलता. ठिपक्यांचा क्रम असा ठेवा: एक, तीन, पाच, दोन, चार, आणि पुन्हा एक, तीन, पाच, दोन, चार. एवढाच नियम. चाळीस वेळा रेघ ओढलीत की तुम्ही जिथून निघालात तिथेच परत येता. मधे कुठलाही ठिपका दोनदा लागत नाही आणि कुठलाही सुटत नाही.

हे घडतं, कारण आठ आणि पाच या संख्यांना एकाखेरीज सामाईक विभाजक नाही. ओळींचा फेरा आठाने पुरा होतो, ठिपक्यांचा पाचाने, आणि दोन्ही फेरे एकदम पुरे व्हायला चाळीस पावलं लागतात. आठ ओळींवर चार ठिपके घेऊन चाराचाच फेरा चालवला तर एक रेघ राहत नाही, आठ-आठ ठिपक्यांची चार वेगळी वेटोळी होतात. दहा ओळी आणि पाच ठिपके घेतले तर पाच वेटोळी. सहा ओळी आणि पाच ठिपके मात्र चालतात, तीस ठिपक्यांतून रेघ अखंड जाते. तुमच्या आजींना हे गणित या शब्दांत कोणी सांगितलं नसेल, पण त्यांच्या बोटांना ते ठाऊक आहे. म्हणूनच त्यांना तुमची आकृती पाहताक्षणी खटकली.

काही जणी मधोमध एकच ठिपका मांडतात आणि आठ दिशांना चार-चार. ते वरच्या चाराच्या वेटोळ्यांसारखं नाही. तिथे मधला ठिपका आठही ओळींचा सामाईक पहिला ठिपका असतो, त्यामुळे क्रम पाचाचाच राहतो, ठिपके ३३ होतात आणि रेघ आठ वेळा मध्यातून जाते. वहीत कोणती रीत आहे ते आधी बघा. खाली मी चाळीस ठिपक्यांची रीत धरली आहे.

हीच रचना तमिळनाडूत हृदयकमलम् या नावाने कोलममध्ये, म्हणजे तिथल्या रांगोळीत, काढतात. कोलमच्या रेघांचा गणिती अभ्यासही तिथे झाला. १९७०च्या दशकात मद्रास ख्रिश्चन कॉलेजातले गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आकृत्यांचे नियम चित्रांच्या व्याकरणासारखे मांडले आणि ते संगणकशास्त्रात वापरले गेले. मी हे सांगते आहे, कारण ठिपक्यांच्या रांगोळीकडे "नक्षी" म्हणून पाहणं आणि "रेघेचा नियम" म्हणून पाहणं यांत फार फरक आहे. नक्षी म्हणून पाहिलं की आपण पाकळी शोधतो, आणि पाकळी शोधली की आरसा आठवतो. रेघ कशी चालते ते पाहिलं की आरशाचा विचारच मनात येत नाही.

आता तुमचं नेमकं काय झालं ते बघा. पाकळीचं टोक म्हणजे पाचवा ठिपका. त्याच्या एका बाजूची रेघ शेजारच्या ओळीच्या तिसऱ्या ठिपक्यावरून येते आणि दुसऱ्या बाजूची रेघ पलीकडच्या ओळीच्या दुसऱ्या ठिपक्यावर उतरते. तुम्ही तिसऱ्याकडची बाजू काढून ती उलटवली, म्हणजे दोन्ही बाजू तिसऱ्यावर आल्या. दुसऱ्या ठिपक्याला बाहेरून येणारी रेघच उरली नाही आणि तिसऱ्यावर एक जास्तीची झाली. मोकळे राहिलेले ठिपके तपासून पाहा, ते दुसऱ्या क्रमांकाचे निघतील.

या नियमातून संगणकासाठी एक फार सोयीची गोष्ट निघते. एक-तीन-पाच-दोन-चार-एक हा रेघेचा एक तुकडा पाच ओळींवरून जातो आणि सुरुवातीपासून २२५ अंश पुढे, पुन्हा एका पहिल्या ठिपक्यावर थांबतो. या तुकड्याच्या ४५ अंशांनी फिरवलेल्या आठ प्रती केल्या की पूर्ण ज्ञानकमळ तयार. म्हणजे काढायच्या रेघा फक्त पाच.

पत्रिकेसाठी मी इंकस्केप सुचवेन. ते फुकट आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं, आणि त्यात काढलेली रेघ म्हणजे रंगवलेले चौकोनी ठिपके नसून बिंदू आणि वक्र असतात. तीच फाइल पत्रिकेवर दोन इंचांत छापा किंवा मांडवाच्या कमानीवर चार फुटांत, कड सारखीच स्वच्छ राहते. गिंप आणि क्रिटा रंगकामाची सॉफ्टवेअरं आहेत. रांगोळीच्या भुकटीचा पोत आणायला गिंप उत्तम, पण मूळ आकृती त्यात बांधू नये.

इंकस्केपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून कागदाची मापं १२० मिलिमीटर बाय १२० मिलिमीटर करा, एकक मिलिमीटर ठेवा. म्हणजे मध्यबिंदू ६०, ६० वर आला. ठिपक्यांमधलं अंतर १० मिलिमीटर धरू, म्हणजे सर्वांत बाहेरचा ठिपका मध्यापासून ५० मिलिमीटरवर आणि पूर्ण कमळ १० सेंटिमीटरचं.

बी दाबून पेनचं साधन घ्या आणि कागदावर कुठेही सहा टिचक्या मारून एक वेडीवाकडी नागमोडी रेघ काढा, एंटरने संपवा. वाकडी असली तरी हरकत नाही. आता एन दाबा, एकेक बिंदू निवडा, आणि वरच्या पट्टीत त्याच्या आडव्या-उभ्या जागेच्या चौकटींत हे आकडे भरा. पहिला बिंदू ७०, ६०. दुसरा ८१.२१, ८१.२१. तिसरा ६०, ११०. चौथा ४५.८६, ७४.१४. पाचवा २०, ६०. सहावा ५२.९३, ५२.९३. हे आकडे म्हणजे वरचाच एक-तीन-पाच-दोन-चार-एक असा क्रम, फक्त मध्यापासूनचं अंतर आणि कोन यांवरून काढलेला. तिरप्या ओळींवर अंतराला ०.७०७१ ने गुणलं की झालं. तुम्हाला ठिपक्यांमधलं अंतर वेगळं हवं असेल तर स्वतः काढून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. माउसने अंदाजे बिंदू ठेवू नका. अर्ध्या मिलिमीटरचा फरक एका तुकड्यात दिसत नाही, पण आठ प्रती झाल्या की प्रत्येक सांध्यावर दिसतो.

पुढची पायरी फिरवण्याची, आणि इथे लोक सर्वांत जास्त वैतागतात, कारण इंकस्केप वस्तूला तिच्या स्वतःच्या मध्याभोवती फिरवतं, आणि आपल्या तुकड्याचा मध्य कमळाचा मध्य नव्हे. यावर माझा नेहमीचा उपाय असा: कागदाएवढंच एक वर्तुळ काढा, बारीक रेघेचं, आत रंग न भरलेलं. निवडीच्या साधनाने वरच्या पट्टीत त्याची जागा ०, ० आणि रुंदी-उंची १२०, १२० भरा. मग तुकडा आणि वर्तुळ दोन्ही निवडून कंट्रोल-जी ने गट करा. आता गटाचा मध्य म्हणजे बरोबर ६०, ६०. कंट्रोल-शिफ्ट-एम ने ट्रान्सफॉर्मची खिडकी उघडा, रोटेटमध्ये ४५ अंश लिहा. कंट्रोल-डी ने प्रत काढा, अप्लाय दाबा. पुन्हा कंट्रोल-डी, पुन्हा अप्लाय. असं सात वेळा. वर्तुळ कमळापेक्षा मोठं हवं, हे लक्षात ठेवा. ते ५० मिलिमीटर त्रिज्येचं घेतलं तर टोकाशी रेघेची जाडी त्याच्या बाहेर डोकावते आणि गटाचा मध्य किंचित सरकतो.

ज्यांना पाथ इफेक्ट्सची सवय आहे त्यांनी रोटेट कॉपीज हा परिणाम वापरला तरी चालेल. फक्त त्याचा मध्य ओढून ६०, ६० वर आणावा लागतो, आणि त्यातला कॅलिडोस्कोप हा पर्याय कटाक्षाने टाळा. तो पर्याय म्हणजे पुन्हा आरसाच.

आठ गट झाले की सगळे गट सोडवा, वर्तुळं पुसून टाका, आणि उरलेले आठ तुकडे निवडून कंट्रोल-के ने एकत्र करा. एन दाबा, कंट्रोल-ए ने सगळे बिंदू निवडा, शिफ्ट-जे दाबा. जवळजवळ असलेली टोकं एकमेकांना जोडली जातात. आता खालच्या पट्टीकडे बघा. जोडण्याआधी तिथे ४८ बिंदू दिसत होते, आठ तुकड्यांचे सहा-सहा. आता ४० दिसायला हवेत. चाळीस दिसले तर रेघ अखंड आहे, तुमचं ज्ञानकमळ जमिनीवरच्या ज्ञानकमळाइतकंच खरं आहे. एखादा आकडा जास्त दिसला तर कुठेतरी सांधा सुटला आहे. तो शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढच्या वळणांत तो लपतो आणि थेट छापखान्यात उघडा पडतो.

इथवर आकृती सरळ रेघांची, टोकदार चांदणीसारखी दिसते. सगळे बिंदू निवडलेले असतानाच शिफ्ट-ए दाबा. प्रत्येक बिंदू शेजारच्या दोन बिंदूंकडे पाहून आपोआप वळण घेतो आणि चांदणीतून पाकळ्या उमलतात. वळण देण्याचं काम सांधे जोडल्यानंतरच करायचं याचं कारण हेच आहे. तुकडा सुटा असताना गोल केला तर त्याच्या दोन टोकांना शेजारी नसतो, ती टोकं मनाला येईल तशी वळतात आणि आठ सांध्यांवर आठ कोपरे उरतात. अखंड रेघेवर मात्र प्रत्येक ओळीला सारखे शेजारी मिळतात, त्यामुळे आठही पाकळ्या न सांगता सारख्या होतात.

पाकळीच्या टोकाबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. आपोआप आलेलं टोक जरा बोथट, गोल असतं. जमिनीवर रांगोळी काढणारी बाई चिमटी पाचव्या ठिपक्यावर क्षणभर थांबवते आणि मग वळते, त्यामुळे तिथे एक हलकी अणी येते. मला ती अणी हवीच असते. ती आणायची तर आठही टोकांचे बिंदू शिफ्ट धरून निवडा आणि शिफ्ट-सी ने त्यांना कोपरा करा. मग प्रत्येकाच्या दांड्या, म्हणजे बिंदूतून निघणाऱ्या आणि वळण ठरवणाऱ्या रेघा, थोड्या आत घ्याव्या लागतात, आणि त्या हाताने आठ वेळा सारख्या होत नाहीत. ज्यांना काटेकोर सारखेपणा हवा आहे त्यांनी एका टोकाच्या दोन्ही बाजू मनासारख्या करून, तेवढाच एक-तीन-पाच-दोन-चार-एक तुकडा कापून, वर्तुळाच्या युक्तीने पुन्हा आठ वेळा फिरवावा. थोडं खटपटीचं आहे, पण निकाल वेगळाच दिसतो. आठही टोकांवर ती अणी आली की आकृती छापील नक्षीपेक्षा रांगोळीच्या जवळ जाते.

आकृती पूर्ण झाल्यावर वहीच्या पानाशी ताडून पाहा. पीळ उलट्या दिशेचा असेल तर पूर्ण आकृती निवडून एच दाबा, ती आडवी उलटते. अर्धी पाकळी उलटवणं चूक होतं, पण पूर्ण कमळ उलटवलं की रेघ अखंडच राहते, फक्त तिची चाल डावीऐवजी उजवीकडून होते. आजींच्या पानावर जी चाल आहे तीच ठेवा.

ठिपके दाखवायचे असतील तर चाळीस वेगळी वर्तुळं काढत बसू नका. रेघेचे चाळीस बिंदू हेच चाळीस ठिपके आहेत. फिल अँड स्ट्रोकच्या खिडकीत स्ट्रोक स्टाइलमध्ये मार्कर असतात. सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही ठिकाणी गोल ठिपका निवडा, सगळे ठिपके आपापल्या जागी येतात. रेघेची जाडी या मापाला मी साधारण १.२ मिलिमीटर ठेवते, आणि कोपरे व टोकं गोल.

आता आजींच्या वहीचा मुद्दा, जो मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वर सांगितलेली आकृती नियमाने शुद्ध आहे, पण ती कोणाच्याही आजीची असू शकते. तुम्हाला तुमच्या आजींचं ज्ञानकमळ हवं आहे. तेव्हा वहीचा फोटोही कामाला लावा. पान सपाट ठेवून बरोबर वरून, खिडकीच्या उजेडात फोटो घ्या. तरी तो थोडा तिरपा येतोच, आणि तिरप्या फोटोत वर्तुळ लंबगोल होतं. गिंपमध्ये शिफ्ट-पी ने पर्स्पेक्टिव्हचं साधन घेऊन, त्याची दिशा करेक्टिव्ह ठेवून, पानाचे चार कोपरे दाखवलेत की पान सरळ होतं. हा सरळ केलेला फोटो इंकस्केपमध्ये खालच्या थरात ठेवा, थर कुलूपबंद करा आणि फोटोची पारदर्शकता वाढवून तो फिका करा. वर तुमची चाळीस बिंदूंची अखंड रेघ. मग एकेक बिंदू आजींच्या ठिपक्यावर सरकवा. त्यांची तिसरी ओळ किंचित कलली असेल, एक पाकळी शेजारणीपेक्षा बुटकी असेल. तसंच राहू द्या. नियम मोडत नाही, कारण रेघ कोणत्या ठिपक्यावरून कोणत्या ठिपक्याकडे जाते ते बदललेलं नाही, फक्त ठिपके त्यांच्या हाताच्या जागी गेले. पत्रिकेवर छापायला मी हीच आवृत्ती निवडेन. काटेकोर आवृत्ती दुसऱ्या नावाने जपून ठेवा, ती कमानीला किंवा सभामंडपाच्या पडद्याला शोभेल.

फोटोवरून ट्रेस बिटमॅपने थेट आकृती काढण्याचा मोह होतो, तो आवरा. साधं ट्रेस रेघेच्या दोन्ही कडा शोधून तिची बाह्यरेषा देतं, आणि जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे शाईचे डाग करतं. मधली रेघ शोधणारा सेंटरलाइनचा पर्याय आहे, पण तोही छेदांवर रेघ तोडतो. रेघ सरळ पलीकडे जाते की वळते, हे त्याला कळण्याचं कारण नाही. ज्ञानकमळात छेद इतके आहेत की हाती येतात ते शेकडो तुकडे.

रांगोळीचा पोत हवा असेल तर आता गिंप उघडा. घरोघरी वापरली जाणारी पांढरी रांगोळी शिरगोळ्याच्या दगडाची असते, कोकणात भाताच्या तुसाची जाळून केलेली राख वापरत. दोन्हींचा कण वेगळा, पण दोन्हींत एक गोष्ट सारखी: रेघेचा गाभा भरीव आणि कडेला कण विखुरलेले. हे आणण्याची युक्ती अशी. इंकस्केपमधून आकृती पारदर्शक पार्श्वभूमीवर, पांढऱ्या रेघेत, १५० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला १५० पिक्सेल धरून, पीएनजी करून घ्या. गिंपमध्ये खाली गेरूचा थर द्या. मी लाल १४०, हिरवा ६२, निळा ४२ च्या आसपास घेते. शेणाने सारवलेल्या अंगणाचा रंग हवा असेल तर हिरवट तपकिरीकडे जा. रेघही निव्वळ पांढरी नको, २५०, २४६, २३८ अशी किंचित कोमट ठेवा. रेघेच्या थराची एक प्रत करून तिला तीन-चार पिक्सेलचा गॉसियन ब्लर द्या आणि त्या थराचा मोड डिझॉल्व्ह करा. ब्लरमुळे पातळ झालेली कड डिझॉल्व्हमध्ये कणाकणाने फुटते, आणि हेच कण आपल्याला हवे होते. वरच्या मूळ थराची रेघ जरा बारीक ठेवा आणि तिलाही डिझॉल्व्ह देऊन अपारदर्शकता (ओपॅसिटी) ९५ टक्क्यांवर आणा, म्हणजे गाभ्यातही अधूनमधून जमीन दिसते.

१५० डीपीआय घ्यायचं कारण कणाचा आकार. ३०० डीपीआयवर एक कण मिलिमीटरच्या बाराव्या हिश्श्याएवढा होतो आणि छपाईत तो धुरकट दिसतो. १५० वर तो दुप्पट मोठा, डोळ्याला दिसण्याजोगा. काम झाल्यावर न्यू फ्रॉम व्हिजिबलने सगळं एका थरात पक्कं करा, कारण डिझॉल्व्ह हा दिसण्याचा प्रकार आहे आणि माप बदललं की कणही बदलतात. मग इंटरपोलेशन नन ठेवून चित्र दुप्पट करा, म्हणजे ते ३०० डीपीआयचं होतं आणि कण तसेच राहतात.

ज्यांना हे बिंदू-वक्रांचं काम नको, पेन-टॅबलेटने मोकळ्या हाताने काढायचं आहे, त्यांच्यासाठी गिंपमध्ये सिमेट्री पेंटिंगची खिडकी आहे. २.१० पासून ती मिळते. तिथे मंडल निवडा, बिंदू आठ, कॅलिडोस्कोप बंद. मग एक-तीन-पाच-दोन-चार-एक हा तुकडा काढला की बाकीचे सात आपोआप उमटतात. क्रिटामध्ये मल्टिब्रश आहे, त्यात सिमेट्री घ्या, स्नोफ्लेक घेऊ नका, कारण तो आरसाही लावतो. शिकवायला ही रीत फार छान आहे. मुलांना पाच रेघांत चाळीस उमटताना दिसल्या की नियम लगेच समजतो.

शेवटी छापखाना. आपल्याकडे पत्रिका छापणारे बहुतेक जण कोरलड्रॉवर काम करतात. त्यांना पीडीएफ द्या, सोबत एसव्हीजीही द्या. देण्याआधी फाइलची वेगळी प्रत करून तीत रेघ निवडा आणि पाथ मेनूतून स्ट्रोक टू पाथ करा. नाहीतर त्यांच्याकडे आकृती लहान-मोठी करताना रेघेची जाडी तशीच राहण्याचा धोका असतो, आणि नाजूक कमळ दोन इंचांवर आलं की जाडजूड दिसतं. मूळ चाळीस बिंदूंची फाइल मात्र कधीही बदलू नका, पुढची प्रत्येक दुरुस्ती तिच्यातच होणार.

पांढरी रेघ कशी छापली जाणार हे त्यांना आधीच विचारा. साध्या डिजिटल किंवा ऑफसेट छपाईत पांढरी शाई सहसा नसते. पांढऱ्या कागदावर गेरूचा रंग छापून रेघेची जागा कोरी सोडली तर ती कागदाच्याच पांढऱ्याने दिसते, आणि ते सर्वांत स्वस्त पडतं. मरून किंवा हळदी रंगाचा जाड कागद निवडला असेल तर स्क्रीन प्रिंटिंग लागेल, त्यात पांढरी किंवा सोनेरी शाई मिळते. सोनेरी फॉइल दाबून हवं असेल तर त्याचा ठसा बनतो, त्याला निव्वळ काळ्या रंगातली, कुठलीही छटा नसलेली आकृती द्यावी लागते. तिथे रांगोळीच्या कणांची आवृत्ती देऊ नका, कण ठशात भरून जातात. फॉइलसाठी ठिपकेही काढून टाकलेले बरे, रेघ आणि ठिपका मिळून तिथे गाठी दिसतात.

उंबऱ्यासाठी व्हिनाइलचं स्टिकर कापून घेणार असाल तर आणखी एक पायरी आहे. स्ट्रोक टू पाथ केल्यावर सगळं निवडून पाथ मेनूतलं युनियन द्या, म्हणजे छेदांवरच्या आतल्या कडा निघून जातात. तसं न केल्यास कापणारी सुरी प्रत्येक छेदावर रेघ आडवी कापते आणि कमळ सोलताना तुकड्यांत हाती येतं. रेघ दीड मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका.

प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, आल्यावर ते पडद्यावर न बघता कागदावर, खऱ्या मापात मागा. मग पेन्सिल घेऊन आजींना एका ठिपक्यापासून रेघेवर चालायला सांगा. चाळीस ठिपके फिरून त्या पहिल्या ठिपक्यावर परत आल्या तर छापायला हरकत नाही.